सांडवा आणि स्वयंचलित दार : जलपातळीच्या नियंत्रणाची पूर्वपीठिका

वडूज हे खटाव तालुक्याचे ठाणे येरळा नदीच्या काठी वसले आहे. पर्जन्यछायेतील या तालुक्यात नेर व मायणी येथे एकोणिसाव्या शतकात तलाव बांधले गेले. पुराचे पाणी बांधावरून वाहून बांध फुटू नये, यासाठी अशा तलावांस सांडवा असावा लागतो. ‘सांडणे’ या क्रियापदापासून साधलेला हा शब्द अन्वर्थक आहे. सांडवा पातळी राखीत नाही. ठराविक उंचीच्या वर आलेले पाणी तो केवळ सोडून देतो. सोडणे आणि राखणे यांतील हा भेद हाच प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न लहानशा पात्रात अभ्यासिला जातो. पात्रात वरून पाणी येते व तळाच्या छिद्रातून बाहेर पडते. तोरिचेल्ली याने सतराव्या शतकात दाखविल्याप्रमाणे बाहेर पडणाऱ्या धारेचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंची चौपट झाली की वेग दुप्पट होतो. म्हणून आवक स्थिर असेल आणि पात्र पुरेसे उंच असेल, तर पातळी कोठे तरी आपोआप स्थिरावते. मात्र ती कोठे स्थिरावेल हे आवकच ठरविते. इष्ट पातळी हवी असेल, तर प्रत्यक्ष पातळी मोजून, तिची इष्ट पातळीशी तुलना करून, त्या फरकानुसार झडप हलवावी लागते. झडप फरकाच्या केवळ प्रमाणात हलविली, तर आवक बदलताच थोडा फरक शेष राहतो. तो नाहीसा करण्यासाठी काळाबरोबर साचत गेलेला फरकही हिशेबात धरावा लागतो. या विचाराची गणिती मांडणी मिनोर्स्की याने १९२२ मध्ये जहाजांच्या सुकाणूच्या संदर्भात केली.

युक्ती मात्र फार जुनी आहे. आपल्याकडील घटिकापात्रात तळाच्या छिद्रातून पाणी चढत जाते आणि २४ मिनिटांनी पात्र बुडते. तेथे पातळीला कोणी अडवीत नाही. याउलट इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने आपल्या जलघटिकेत तरंगत्या गोळ्याने आवक रोखून पातळी स्थिर राखल्याचे मानले जाते. पोल्झुनोव्ह याने १७६५ मध्ये बाष्पयंत्राच्या बाष्पकातील पाण्यासाठी तरंगकाचाच उपयोग केला.

महाराष्ट्रात या तत्त्वाचा मोठा प्रयोग १९०३ मध्ये मुठा नदीवरील खडकवासला येथे झाला. पुण्यास पाणी पुरविणाऱ्या या जलाशयाच्या सांडव्यावरून पावसाळ्यात पुष्कळ पाणी वाहून जाई. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील अभियंते मो. विश्वेश्वरय्या यांनी तेथे स्वयंचलित दारे बसविली. सांडव्याच्या माथ्यावर सुमारे ८ फुटांपर्यंत पाणी चढेतो ही दारे बंद राहत. पाणी त्याहून चढले की उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. जुन्या भिंतीची उंची न वाढविता साठा सुमारे एक चतुर्थांशाने वाढला. येथे पातळी मोजणारा आणि दार हलविणारा असे दोघे निराळे नव्हते. चढलेले पाणीच दाराला आज्ञा देई. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी धरणाची सात स्वयंचलित दारे याच परंपरेतील आहेत.

या युक्तीस मर्यादाही आहे. झडप पूर्ण उघडल्यावरही आवक जावकीहून अधिक राहिली, तर पातळी चढतच जाते; प्रयोगशाळेतील पात्रात याचा परिणाम जमीन ओली होण्यापलीकडे जात नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि पुण्यात महापूर आला. नियंत्रकाचे सामर्थ्य त्याच्या युक्तीइतकेच त्याच्या द्वाराच्या क्षमतेवर अवलंबून असते, हे त्या दिवसाने दाखविले.

म्हणून दाराचा विचार करताना सांडव्याचा विसर पडू नये. येरळेच्या खोऱ्यासारख्या अवर्षणग्रस्त प्रदेशात फूटभर पाणी अधिक राखणे म्हणजे काही शेतांचे पीक राखणे होय. परंतु जे राखता येणार नाही, ते सुखरूप सांडू देणे हाही नियंत्रणाचाच भाग आहे.