झाडीपट्टीची मंडई आणि नाट्यहंगाम

पूर्व विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांत दिवाळीच्या पाडव्यापासून होळीच्या आसपासपर्यंत गावोगावी चालणारा लोकोत्सव. दिवसा मंडई किंवा शंकरपट आणि रात्री उजाडेपर्यंत नाटक, असा त्याचा रिवाज आहे. नाटक दरवर्षी नवे लागते. गाणी आणि नाच त्याचा अविभाज्य भाग असतात. मांडीवरच्या मुलापासून काठी टेकत येणाऱ्या आजीपर्यंत सगळे घर ते पाहायला बसते. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक रंगभूमीला प्रेक्षक मिळवण्याची काळजी असते, तशी ती येथे क्वचितच पडते. येथे नाटकाचा यजमान खुद्द गाव असते, आणि या रंगभूमीच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण तेच आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा दाट जंगलाचा मुलूख ‘झाडी’ किंवा ‘झाडीपट्टी’ म्हणून ओळखला जातो. गोंड, गोवारी, कोहळी, कुणबी, तेली, ढिवर, महार अशा अनेक समाजांची वस्ती, हजारो लहानमोठे मालगुजारी तलाव आणि त्यांच्या पाण्यावरचे धान ही या मुलखाची ओळख. वर्षभराचा हिशेब धानावर चालतो आणि उत्सवही त्याच हिशेबाने येतो. दिवाळीला हलके धान हाती आलेले असते. पुढे भारी धानाची कापणी-मळणी संपली की बांध्या, म्हणजे धानाची बांधबंदिस्त शेते, मोकळ्या होतात. मोकळी बांधी म्हणजे तयार नाट्यगृह. बसायला धानाची तणीस आहे, घरात चार पैसे आहेत आणि रात्रभर जागले तरी सकाळी लगेच शेतावर धावायचे नाही.

मंडईची सुरुवात पाडवा-भाऊबीजेच्या सुमारास होते. एका गावाची मंडई दुसऱ्या गावाच्या मंडईवर येऊ नये म्हणून पंचक्रोशीतील गावे आपापले दिवस वाटून घेतात. पाडव्याला गायगोधनाचा विधी होतो. गोवारी समाज कापडाने सजवलेली बांबूची ढाल उभारून तिची पूजा करतो आणि डफ-बासरीच्या साथीने नाचत ती गावातून मिरवतो. मंडईच्या दिवशी चौकात किंवा मैदानात दुकाने लागतात. तलावातले शिंगाडे, ऊस, मिठाई, बांगड्या, खेळणी यांची रेलचेल असते. पण बाजार हे निमित्त. खरी मंडई घराघरांत भरते. सासरी गेलेल्या मुली येतात, जावई येतात, सोयरे येतात, लग्नाच्या मुलामुलींची पाहणी होते आणि सोयरिकीची पहिली बोलणी येथेच निघतात. पाहुण्याला नुसते जेवू घालून परत पाठवणे झाडीत शोभत नाही, त्याला रात्रीचे नाटक दाखवावे लागते. नाटक पहाटेपर्यंत का चालते, याचे लोक देतात ते उत्तरही सरळ आहे. वीस-पंचवीस पाहुण्यांना घरात झोपवायला जागा नसते आणि परतीची गाडी सकाळशिवाय मिळत नाही.

माघाच्या थंडीत मंडईची जागा शंकरपट घेतो. हलक्या गाडीला जुंपलेल्या बैलजोड्यांची ही शर्यत पाहायला दूरदूरचे शेतकरी आपल्या जोड्या घेऊन येतात. मोठ्या पटाच्या गावी एकाच रात्री तीन-चार नाटके वेगवेगळ्या मैदानांत लागतात आणि सगळ्यांना गर्दी होते.

या रंगभूमीचे मूळ लोककलांत आहे. दंडार ही त्यांपैकी मुख्य. शेतकरी-शेतमजूर पुरुषांनीच नाचायची, गायची आणि सोंगे आणायची, स्त्रीभूमिकाही त्यांनीच करायच्या, असा तिचा बाज. बैठी दंडार आणि परसंगी दंडार असे तिचे प्रकार सांगितले जातात. परसंगी दंडारीत कथेचा प्रसंग उभा राहतो, संवाद येतात आणि नाच हळूहळू नाटकाकडे सरकतो. खडी गंमत, डाहाका, दंडीगान, भिंगीसोंग हे आणखी काही प्रकार. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीचा आणि या लोकरंगभूमीचा तपशिलाने अभ्यास केल्यामुळे, पूर्वी खेडवळ करमणूक म्हणून बाजूला टाकलेल्या या कलांकडे वाङ्मयाच्या आणि भाषेच्या अंगाने पाहिले जाऊ लागले.

दंडारीच्या या जमिनीवर संगीत नाटकाचे कलम झाले. ऑर्गन, तबला, पदे, पडदे आणि तीन अंक हा सगळा सरंजाम झाडीतल्या हौशी मंडळींनी उचलला. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ आणि आचार्य अत्र्यांचे ‘लग्नाची बेडी’ ही नाटके गावच्या पाटलाने, मास्तरांनी आणि दुकानदाराने तोंडाला रंग लावून केली. त्यांना प्रेक्षकही त्यांच्याच गावचे होते. पुण्या-मुंबईत संगीत नाटकाचे युग ओसरल्यावरही येथे नटाने स्वतः गाण्याची पद्धत टिकून राहिली. प्रेक्षकाला पद हवे असते आणि ते चांगले झाले तर तो ‘वन्स मोअर’ही मागतो. ‘एकच प्याला’ येथे इतके रुजले याचे कारण केवळ संगीत नाही. दारूने मोडलेले घर हा या भागाचा रोजचा अनुभव आहे. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. आजही नव्या नाटकांत दारुडा नवरा आणि सोसणारी बायको वारंवार दिसतात.

आज या नाटकांच्या धंद्याचे केंद्र वडसा आहे. सरकारी कागदांत हे गाव देसाईगंज म्हणून नोंदलेले असले, तरी झाडीचा माणूस वडसाच म्हणतो. वैनगंगेकाठी, गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर असल्याने चारही जिल्ह्यांतून येथे येणे सोपे पडते. हंगामाच्या तोंडावर नाट्यकंपन्यांची कार्यालये येथे उघडतात. दर्शनी भागात नव्या नाटकांचे रंगीत फलक लागतात आणि गावोगावची मंडळे तारीख पक्की करायला येतात. कोणते नाटक, नायिका कोण, विनोदी नट कोण, लावणीला कोण, एवढे पाहून व्यवहार ठरतो. कंपनी ठरलेल्या रकमेत नाटक आणते. मैदान, मंडप, तिकीटविक्री, पोलिसांची परवानगी आणि कलावंतांचे जेवण मंडळाकडे. तिकिटाचे पैसे खर्चाहून जास्त झाले तर त्यातून देऊळ, शाळा, वाचनालय, क्रीडामंडळ अशा कामांना हातभार लागतो. नुकसान झाले तर तेही गाव सोसते. चंद्रपूर जिल्ह्यातील नवरगाव हेही या नाटकांचे जुने ठाणे आहे.

प्रयोगाची रीत नीट पाहण्यासारखी आहे. शेतात मंच उभारला जातो, मागे राजवाडा, रस्ता, जंगल, गरिबाचे घर असे रंगवलेले पडदे. वादक मंचाच्या पायथ्याशी, प्रेक्षकांच्या नजरेच्या आड येणार नाहीत असे खाली बसतात. त्यांच्याजवळच वही उघडून प्रॉम्प्टर बसतो, आणि सारी रात्र त्याच्या आवाजावर चालते. इकडे महिनाभराच्या तालमी नसतात. वेगवेगळ्या गावांहून आलेले नट संध्याकाळी गाडीतून उतरतात, जेवतात, रंग लावतात, सहकलाकाराशी चार प्रसंगांची बोलणी करतात आणि मंचावर जातात. प्रॉम्प्टर वाक्याचे टोक देतो. नट ते उचलतो, त्यात आपली भर घालतो आणि प्रेक्षकांचा रंग पाहून प्रसंग लांबवतो किंवा आवरतो. वरून टांगलेले माईक असतात, त्यामुळे मोठ्या वाक्याच्या वेळी नट बरोबर त्यांच्याखाली येऊन उभा राहतो. या पद्धतीला शहरी समीक्षक ढिसाळ म्हणत आले आहेत. वस्तुतः त्यासाठी लागणारा हजरजबाबीपणा आणि पाठांतराची तयारी फार थोड्या नटांकडे असते. रात्री दहाला सुरू झालेला खेळ पहाटे चार-पाचला संपतो. नट गाडीत झोपतात आणि दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्या गावात, कधी दुसऱ्याच नाटकात, उभे राहतात.

मंचासमोर सतरंज्या, चादरी, घोंगड्या घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे बसतात. पहिल्या अंकात पोरे जागी असतात, कारण विनोदी जोडी लवकर येते. दुसऱ्या अंकात ती आईच्या पदराखाली झोपतात आणि लावणीच्या ढोलकीला पुन्हा उठून बसतात. म्हाताऱ्या बायका खलनायकाला मोठ्याने शिव्या घालतात. आवडलेल्या गाण्याला किंवा नटाला प्रेक्षकांतून रोख बक्षीस येते आणि देणाऱ्याचे नाव माईकवरून जाहीर होते. गंभीर पात्रे प्रमाण मराठी बोलतात, तर विनोदी पात्रे बहुधा झाडीबोलीत. हशा सर्वांत मोठा येतो तो या बोलीला. आपली भाषा मंचावर ऐकू येण्याचा आनंद त्यात असतो, आणि शाळेत जिला अशुद्ध ठरवले गेले ती बोली येथे टाळ्या घेते.

नाटक दरवर्षी नवे असावे, ही मागणी प्रेक्षकांचीच. गेल्या वर्षी पाहिलेले नाटक यंदा पाहुण्यांपुढे ठेवणे कमीपणाचे वाटते. त्यामुळे स्थानिक लेखकांना सतत काम आहे. पावसाळ्यात संहिता लिहायची, दसऱ्याच्या सुमारास तिची बांधणी करायची आणि दिवाळीनंतर ती गावात उतरवायची. विषय जवळचे असतात: सावकार, जमिनीची भाऊबंदकी, सासुरवास, अंधश्रद्धा, शेतकऱ्याची आत्महत्या, शिकून शहरात गेलेला आणि आईबापांना विसरलेला मुलगा, जंगलातील बंदुकांच्या मध्ये सापडलेला आदिवासी. मांडणी भडक असते, योगायोग भरपूर असतात, शेवटी दुष्टाला शिक्षा होते. चार हजार माणसांनी उघड्या शेतात, थंडीत, पहाटे तीनला जागे राहून पाहायच्या नाटकाला हा मोठा आवाज आणि मोठे रंग लागतातच. दिवाणखान्याच्या नाटकाचे माप त्याला लावणे अन्यायाचे आहे.

या रंगभूमीचा सर्वांत परिचित चेहरा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे. पाच हजारांहून अधिक प्रयोगांत आठशेच्या आसपास भूमिका केलेल्या या विनोदी नटाला लोक ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ म्हणतात. त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा चारही जिल्ह्यांत आपल्याच घरी सन्मान आल्याची भावना होती. झाडीतले बहुतेक नट त्यांच्यासारखेच शेती सांभाळून नाटक करणारे. हंगाम चार-पाच महिन्यांचा असल्याने उरलेले वर्ष शेती, मजुरी, शिक्षकी, रंगकाम यांवर निघते. पूर्वी पुरुषच स्त्रीपार्ट करीत. पुढे नागपूरकडच्या अभिनेत्री येऊ लागल्या आणि आता मुंबई-पुण्याचे चित्रपट-मालिकांतील चेहरेही फलकावर दिसतात. मोठे नाव असले की तिकीट खपते. पण त्या नावावरचा खर्च वाढला की स्थानिक नटाच्या मानधनाला कात्री लागते, आणि ही तक्रार रास्त आहे. पडदे रंगवणारे, वेशभूषा पुरवणारे, मंडप-ध्वनिवाले, चहा-नाश्त्याचे दुकानदार अशा अनेकांचा वर्षाचा आधार मात्र याच हंगामात कमावला जातो.

अलीकडच्या वर्षांत उत्सवाला बरेच धक्के बसले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि पटाच्या गावांतील नाटकांची हमखास गर्दी गेली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवल्यावर पट पुन्हा सुरळीत भरू लागले. मधल्या काळात कोरोनामुळे २०२०-२१ चा हंगाम बुडाला आणि रोजच्या प्रयोगावर जगणाऱ्या कलावंतांचे फार हाल झाले. त्याहून चिवट प्रश्न आहे तो ‘डान्स हंगामा’ या नावाने चालणाऱ्या कार्यक्रमांचा. ध्वनिमुद्रित गाण्यांवरचे उत्तान नाच, कमी खर्च आणि तरुणांची झटपट गर्दी, असा तो प्रकार. काही ठिकाणी अश्लीलतेवरून पोलिसांत गुन्हे दाखल झाले. नाटकातील लावणी आणि हा प्रकार यांत फरक आहे. लावणीला नाटकात जागा असते, तिच्या आधी आणि नंतर कथा असते, आणि ती आजी-नात शेजारी बसून पाहतात. हंगाम्याला बायका-पोरे येत नाहीत. ज्या गावात नाटकाऐवजी तो ठेवला जातो, तेथे मंडईच्या रात्री निम्मे गाव घरी बसते.

तृशांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा २०२२ मधील मराठी चित्रपट याच रंगभूमीवर आधारलेला असून त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातील अनेकांना तिची पहिली ओळख झाली. राज्य शासनातर्फे झाडीपट्टी नाट्यमहोत्सवही घेतले जातात. संहितांची स्थिती मात्र चिंतेची आहे. छापील नाटके थोडी आणि बाकीची कंपन्यांच्या हस्तलिखित वह्यांत आहेत. हंगाम संपला की पुढच्या वर्षासाठी नवे नाटक लिहिले जाते आणि जुनी वही माळ्यावर जाते. काही प्रयोगांचे चित्रीकरण आता मोबाईलवर होऊन इंटरनेटवर पोचते, पण जुन्या पिढीच्या लेखकांची नाटके त्यात नाहीत. त्या वह्या गोळा करून, त्यांतील पदांच्या चाली जाणत्या ऑर्गनवादकांकडून नोंदवून घेण्याचे काम त्या वादकांच्या हयातीतच व्हायला हवे, कारण चाली कुठेही लिहिलेल्या नाहीत.