कवकजन्य एंझाइमांचे औद्योगिक उत्पादन

सजीवांतील रासायनिक विक्रियांचा वेग वाढविणाऱ्या प्रथिनांना एंझाइमे म्हणतात. कवके (बुरशी) आपले अन्न शरीराबाहेरच पचवितात. त्यासाठी ती स्टार्च, प्रथिने, सेल्युलोज इत्यादींचे विघटन करणारी एंझाइमे सभोवार सोडतात. ही एंझाइमे कवकतंतूंपासून सहज वेगळी करता येतात. त्यांच्या औद्योगिक उत्पादनाचा पाया हाच होय.

जपानमध्ये वाफवलेल्या तांदळावर ॲस्परजिलस ओरायझी हे कवक वाढवून ‘कोजी’ तयार करण्याची पद्धत शतकानुशतके प्रचलित आहे. साके हे मद्य, मिसो व सोया सॉस यांसाठी कोजी वापरतात. या पारंपरिक ज्ञानाला आधुनिक उद्योगाचे रूप देण्याचे श्रेय जोकिची ताकामिने (१८५४–१९२२) या जपानी रसायनशास्त्रज्ञांकडे जाते. १८९० मध्ये ते अमेरिकेस गेले. इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे त्यांनी व्हिस्कीच्या निर्मितीत माल्टऐवजी (मोड आणून वाळविलेल्या बार्लीऐवजी) गव्हाच्या कोंड्यावर वाढविलेली कोजी वापरण्याचा प्रयत्न केला. कोंडा हा गिरण्यांतील स्वस्त उपपदार्थ असून त्यावर कवक सुमारे दोन दिवसांत वाढते. तथापि माल्ट उत्पादकांचा विरोध, १८९१ मधील आग व मद्यनिर्मात्यांच्या संघाचे विसर्जन यांमुळे ही योजना फसली. कोजीतील एंझाइम मात्र वाया गेले नाही. कोंडा पाण्यात भिजवून काढलेल्या अर्कात अल्कोहॉल घातले असता एंझाइमाचा साका मिळतो. या कृतीचे एकस्व (पेटंट) ताकामिने यांना १८९४ मध्ये मिळाले व ‘टाका-डायास्टेज’ या नावाने ते पाचक औषध म्हणून विकले जाऊ लागले.

या पद्धतीस घन अवस्था किण्वन म्हणतात. ओलसर कोंडा वाफेने निर्जंतुक करून त्यात बीजुके मिसळतात व उथळ तबकांत पसरून दमट हवेत ठेवतात. वाढीच्या वेळी बरीच उष्णता निर्माण होते आणि कोंडा उष्णतेचा मंद वाहक असल्याने थर जाड झाल्यास कवक मरते. त्यामुळे उत्पादन वाढवावयाचे, तर तबके, जागा व मजूर हे सर्वच वाढवावे लागतात.

या अडचणीवर उपाय पेनिसिलिनाच्या संशोधनातून मिळाला. दुसऱ्या महायुद्धात पिओरिया येथीलच सरकारी प्रयोगशाळेत पेनिसिलियम हे कवक द्रव माध्यमात बुडवून वाढविण्यावर महत्त्वाचे काम झाले. अशा निमज्जित किण्वनात मोठ्या बंद टाकीतील पोषक द्रव ढवळत ठेवतात व त्यातून निर्जंतुक हवा सोडतात. तापमान व अम्लता यांचे नियंत्रण सुलभ होते. युद्धोत्तर काळात एंझाइम उद्योगाने हे तंत्र उचलले. ॲस्परजिलस नायजरपासून मिळणाऱ्या ग्लुकोअमायलेजामुळे १९६० नंतर स्टार्चपासून ग्लुकोज बनविण्याची जुनी अम्लपद्धती मागे पडली. युद्धकाळात सॉलोमन बेटांवर सुती तंबू कुजविणाऱ्या ट्रायकोडर्मा रीसी या कवकापासून पुढे सेल्युलेज मिळू लागले. १९८८ मध्ये धुलाईच्या चूर्णांसाठी लायपेज हे मेदविघटक एंझाइम बाजारात आले. त्यासाठी दुसऱ्या कवकातील जनुक ॲस्परजिलस ओरायझीत घालण्यात आले होते. म्हणजे कोजीचेच कवक आता परक्या एंझाइमाचे उत्पादक बनले.

तथापि घन अवस्था किण्वन लोप पावलेले नाही. त्यास पाणी कमी लागते, सांडपाणी कमी होते, अर्क अधिक संहत मिळतो व शेतमालाचे टाकाऊ भाग उपयोगी पडतात. शिवाय कवके निसर्गतः ओलसर घन पदार्थांवर वाढत असल्याने काही एंझाइमे तबकांत अधिक प्रमाणात निर्माण होतात. निमज्जित पद्धतीत मात्र निर्जंतुक हवा व सतत ढवळणे यांसाठी बरीच ऊर्जा खर्ची पडते. म्हणून कोणती पद्धत श्रेष्ठ, हे कवक, इष्ट एंझाइम, कच्चा माल व भांडवल यांवरून ठरवावे लागते.