शाईला जास्तीत जास्त जागा

साल 1965. इंग्लंडमधल्या शेफील्ड या पोलादाच्या शहरात, स्टीफन्सन ब्लेकच्या टाइप फाउंड्रीत तुम्ही उभे आहात. वितळलेल्या शिशाची धग चेहऱ्याला लागते. त्यात अँटिमनी आणि कथील मिसळलेलं आहे, कारण नुसतं शिसं छपाईचा दाब सोसणार नाही. नुकताच ओतलेला एक खिळा निवला की उचला. अक्षर उलटं आहे. त्यावरून बोट फिरवा. रेघा इतक्या जाड, की मधली पोकळी चिरेएवढीच उरली आहे.

हा ‘इम्पॅक्ट’ नावाचा टाइप, जेफ्री ली यांनी आखलेला. ली जाहिरातींच्या धंद्यातले. मथळ्याला जागा बेताची असते आणि तो लांबून दिसावा लागतो, ही अडचण त्यांच्या रोजच्या कामातली. म्हणून दिलेल्या मापात कागदावर जास्तीत जास्त शाई बसवायची, असं त्यांनी ठरवलं. अक्षरं अरुंद केली. ‘एक्स’सारखी लहान अक्षरं उंच करून कॅपिटलच्या जवळ नेली. ‘बी’ची वर जाणारी काठी आणि ‘पी’ची खाली उतरणारी शेपटी आखूड केली, म्हणजे ओळीखाली ओळ घट्ट बसावी. ‘ओ’ पाहा, गोल राहिलेलाच नाही; दोन जाड उभ्या रेघा, त्या वर-खाली वळून जुळलेल्या.

थोडं मागे, 1954 मध्ये चला. स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेटेनश्वायलर यांचा ‘श्माल्फेटे ग्रोटेस्क’ असाच जाड आणि अरुंद, पण त्यात फक्त कॅपिटल अक्षरं. ‘इम्पॅक्ट’मध्ये लहान अक्षरंही आहेत, आणि माझ्या मते लींचं खरं कसब तिथेच दिसतं. एवढ्या जाडीत ‘ए’ आणि ‘ई’ची पोटं शाईने बुजू न देणं फार कठीण.

आता 1996. शिसं गेलं, अक्षरं पडद्यावर आली. मायक्रोसॉफ्ट वेबसाठी काही फाँट मोफत देतं आणि त्यांत ‘इम्पॅक्ट’ आहे. लगेच 2007 मध्ये या. इंटरनेटवरच्या मीममध्ये मांजरांच्या फोटोंवर वर-खाली ‘इम्पॅक्ट’ची पांढरी अक्षरं, त्यांना काळी कडा. फोटो उजळ असला तर कडा अक्षर सावरते, काळोखा असला तर पांढरा रंग. बारीक रेघांचं अक्षर त्या कडेतच हरवलं असतं. हे टिकतं, कारण जाडी मुळातच भरपूर आहे.

तुमच्या संगणकावर हा फाँट बहुधा असेलच. त्यात देवनागरी नाही, पण इंग्रजी पोस्टरवर तो जरूर वापरा: चार-पाच शब्द, मोठ्या आकारात. बारा पॉइंटात परिच्छेद मात्र लावू नका. त्या आकारात पोकळ्या मिटतात, अक्षरं एकमेकांत मिसळतात आणि वाचणाऱ्याचे डोळे थकतात.