‘हर माल ९९’च्या दुकानात पाटी तीच राहते, मग वस्तू हलकी कशी होते?

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत फेरी मारली, तर एकाच भावाच्या दुकानांपुढे गर्दी दिसते. कारण हळदीकुंकू. पन्नास-साठ जणींना वाण द्यायचं असतं. वस्तू सगळ्यांना सारखी हवी, दिसायला बरी हवी आणि नगाला वीस-तीस रुपयांच्या वर जायला नको. तेच बजेट धरून दरवर्षी खरेदीला जाणाऱ्या बाईला जे कळतं, ते महागाईच्या आकड्यांतून सहसा कळत नाही. स्टीलची वाटी यंदाही मिळते, पण कड दाबली की वाकते. चाळणी मिळते, पण जाळी विरळ झालेली असते. सहा चमच्यांचा सेट आता पाच चमच्यांचा असतो.

दुकानदाराला विचारलं तर उत्तर साधारण असं मिळतं, “काकू, रेट तोच हाय. माल बघून घ्या.”

आणि तो खोटं बोलत नसतो. रेट खरंच तोच असतो. या दुकानांचा सगळा धंदा कसा चालतो, ते या एका वाक्यातून उलगडता येतं.

भाव आधी ठरतो, वस्तू नंतर

नेहमीच्या दुकानात आधी वस्तू येते. तिचा खर्च आणि नफा धरून भाव ठरतो. ‘हर माल’च्या दुकानात गाडी उलटी चालते. पाटीवर ४९, ९९ किंवा १४९ आधी लिहिलेलं असतं आणि त्या आकड्यात बसेल असा माल शोधला जातो. ठोक व्यापारीही तसाच विचार करतो. मुंबईतला अब्दुल रेहमान स्ट्रीट आणि क्रॉफर्ड मार्केटचा परिसर, दिल्लीचा सदर बाजार, राजकोटचे इमिटेशन दागिने आणि किचनवेअर, अशा बाजारांत ‘९९ चा माल’ असाच वेगळा विचार होतो.

आता ९९ रुपयांची फोड करून बघा. ज्या वस्तूवर १८ टक्के जीएसटी आहे, तिच्या ९९ रुपयांतले सुमारे १५ रुपये कराचे. उरले ८४. त्यातून दुकानाचं भाडं, नोकरांचा पगार, लाइट बिल, फुटतूट, कोल्हापूरपर्यंतचं ट्रान्सपोर्ट, ठोकवाल्याचा नफा आणि दुकानदाराचा नफा काढायचा. शेवटी जे उरतं, त्यात वस्तू बनलेली असते. ती रक्कम ९९ च्या निम्म्याहूनही कमी असू शकते.

खर्च वाढला की याच शेवटच्या आकड्याला कात्री लागते, कारण बाकीचे आकडे दुकानदाराच्या हातात नसतात. आणि खर्च वाढलेलेच आहेत. २०१७ च्या मध्यात एका डॉलरला सुमारे ६५ रुपये मोजावे लागत, २०२४ च्या अखेरीस ८५ च्या आसपास. म्हणजे परदेशातल्या कारखान्याने आपला भाव एका सेंटनेही वाढवला नाही, तरी एक डॉलरची वस्तू इथे वीस रुपयांनी महाग पडली. प्लॅस्टिकच्या दाण्याचा भाव खनिज तेलाबरोबर हलतो. कोविडच्या काळात कंटेनरचं भाडं कित्येक पटींनी चढलं होतं, तो मार वेगळाच.

पाटी बदलणं मात्र सोपं नाही, कारण ग्राहक त्या आकड्यासाठीच आत येतो. ९९ चं १०९ केलं तर दुकानाची ओळखच जाते. म्हणून आधी वस्तू बारीक होते. डब्याची भिंत पातळ होते, चमच्याचं वजन घटतं, झाकणाची रबरी रिंग गायब होते, टॉवेल चार बोटं आखूड होतो. हे सगळं करून झालं आणि आता आणखी कापलं तर वस्तू विकलीच जाणार नाही अशी वेळ आली, की मग पाटी हलते. तीही दहा रुपयांनी नाही, एकदम पुढच्या पायरीवर. जत्रेतल्या गाड्यांवर ‘दहा रुपये’चं वीस आणि वीसचं तीस झालं ते असंच.

गंमत म्हणजे पायरी चढल्यावर काही दिवस माल चांगला असतो. नव्या भावात जागा मोकळी झालेली असते. मग पुन्हा झीज सुरू होते. नवीन दुकान उघडल्यावर पहिल्या महिन्यात माल दणकट वाटतो आणि वर्षभराने तीच वस्तू ठिसूळ लागते, त्यामागे हेच कारण असू शकतं.

उलट दिशेने काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्टीलची घरगुती भांडी आणि छत्र्यांसह बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. हिशेबाने ९९ ची वस्तू ९३ च्या आत यायला हवी. पण ‘हर माल ९३’ अशी पाटी कोण लावणार? हे सहा रुपये मालात परत आले तर वस्तू थोडी जाड होईल, नाहीतर ते मधल्या कुणाच्या तरी खिशात राहतील. ग्राहकाला ते समजण्याचा एकच मार्ग आहे, वस्तू हातात घेऊन बघणं.

हे फक्त इथलं नाही

अमेरिकेत फ्रँक वूलवर्थने १८७९ साली पाच सेंटचं दुकान काढलं, पुढे त्यात दहा सेंटचा माल आला. १९३० च्या दशकात ही मर्यादा त्यांना सोडावी लागली. डॉलर ट्री या कंपनीने सुमारे ३५ वर्षं ‘सगळं एक डॉलर’ हा शब्द पाळला आणि २०२१ च्या अखेरीस सव्वा डॉलरची घोषणा केली. नंतर तिथे त्याहून महाग वस्तूही आल्या. ‘९९ सेंट्स ओन्ली’ या साखळीने तर एप्रिल २०२४ मध्ये सगळी ३७१ दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. एकच भाव कायमचा धरून ठेवणं एवढ्या मोठ्या कंपन्यांना जमलं नाही, तिथे महाद्वार रोडवरच्या दहा बाय पंधराच्या गाळ्याकडून काय अपेक्षा करणार!

सरकारी नियमांनी माल कसा बदलला

माल बदलण्यामागे फक्त महागाई नाही. पाच-सहा वर्षांत या दुकानांच्या फळीवरच्या बऱ्याच वस्तूंचे नियम बदलले.

सगळ्यात मोठा फरक खेळण्यांत पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. त्यातच १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. नोंदणीकृत कारागिरांच्या हाताने बनवलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे. त्यामुळे पूर्वी पन्नास रुपयांत मिळणारी दिवे लागणारी, आवाज करणारी चिनी गाडी कमी झाली आणि साधी भारतीय प्लॅस्टिकची खेळणी वाढली. मुलं नाराज झाली असतील, पण लहान मूल खेळणं आधी तोंडात घालतं. रंगातलं शिसं आणि सुटणारे बारीक भाग पाहता हा बदल योग्यच म्हणावा लागेल. विनामार्क खेळणी अजूनही गाड्यांवर दिसतात, ती घेऊ नयेत.

इमिटेशन दागिन्यांवर २०२२ च्या अर्थसंकल्पात किलोमागे किमान ४०० रुपये आयात शुल्क लागेल अशी व्यवस्था झाली. म्हणजे तेव्हाच्या दराने दहा ग्रॅमच्या कानातल्यांवर किमान चार रुपये. कर वजनावर असला की हलका माल आणणाऱ्याचा फायदा, हे वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी छत्र्यांवरचं आयात शुल्क २० टक्के झालं. जून २०२३ मध्ये वीस रुपयांपेक्षा कमी आयात किमतीच्या सिगारेट लायटरची आयातच बंद झाली. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे चमचे, काटे, स्ट्रॉ, कप, प्लेट अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर बंदी आली, महाराष्ट्रात तर २०१८ पासूनच प्लॅस्टिकबंदी होती. आणि मार्च २०२४ मध्ये स्टील व अॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएसआय मार्क सक्तीचा करणारा आदेश निघाला.

स्टील आणि लोहचुंबक

भांड्यांच्या बाबतीत घराघरांत एक समज आहे. लोहचुंबक चिकटला नाही की स्टील चांगलं. हा समज अर्धाच खरा आहे आणि स्वस्त दुकानात नेमका तोच फसवतो.

चांगल्या भांड्यांसाठी वापरलं जाणारं ३०४ ग्रेडचं स्टील चुंबकाला सहसा चिकटत नाही. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग. म्हणून स्वस्त मालात २०० सीरिजचं स्टील येतं, ज्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. हे स्टीलही चुंबकाला चिकटत नाही! चकाकीही तशीच असते. फरक नंतर कळतो. मीठ, चिंच, लोणचं यांच्या सहवासात त्यावर डाग आणि गंज लवकर धरतो. याउलट ४०० सीरिजचं स्टील चुंबकाला चिकटतं, पण झाकणं, ताटं, सुऱ्या यांसाठी ते वाईट नसतं. तेव्हा चुंबक घरीच ठेवावा. भांड्याचं वजन, कडेची गोलाई आणि त्यावर कोरलेला ग्रेड व मार्क बघावा. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हेही लक्षात ठेवावं.

तांबं-पितळ वजनावर घ्यायची सवय आपल्याकडे जुनी आहे. तोच हिशेब इथे लावून पाहावा. ९९ चा डबा वजनाने किती भरतो आणि भांड्यांच्या दुकानात तेवढ्या वजनाचा डबा कितीला मिळतो? अनेकदा ‘स्वस्त’ डबा किलोच्या भावाने महाग निघतो.

काय घ्यावं, काय टाळावं

झाडू, क्लिप, दोरी, कपड्यांचे चिमटे, फोटो फ्रेम, सजावटीचं सामान, गिफ्ट पॅकिंगचा कागद, काचेचे साधे ग्लास, वह्या. या वस्तू मोडल्या तरी नुकसान नव्याण्णव रुपयांचंच. त्या बिनधास्त घ्याव्यात.

खाण्यापिण्याच्या प्लॅस्टिकला मात्र नियम लावावा. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, डब्यांसाठी बरं. ग्लास आणि काट्याचं चिन्ह म्हणजे खाद्यपदार्थांसाठी बनवलेली वस्तू. दोन्ही नसेल आणि उग्र वास येत असेल, तर त्या डब्यात खिळे-स्क्रू ठेवावेत, चटणी नव्हे. मेलामाइनच्या रंगीत प्लेट जेवायला चालतात, मायक्रोवेव्हमध्ये नाही.

विजेच्या वस्तूंवर शंभर रुपये वाचवण्याचा हिशेब कधीच जमत नाही. मोबाइल चार्जर आणि एलईडी बल्बवर बीआयएसच्या नोंदणीचा, इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असावा लागतो. स्विच, प्लगवर आयएसआय मार्क असावा लागतो. हे क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर दोन मिनिटांत तपासता येतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर हे जास्तच जपावं लागतं. पाण्यातून निघालेला स्टीलचा डबा धुऊन वापरता येतो, भिजून वाळलेलं एक्स्टेन्शन बोर्ड नाही.

आणि एक कोल्हापूरपुरतं. पर्यटकांना ‘कोल्हापुरी’ म्हणून रेक्झिनची चप्पल स्वस्तात मिळते. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांत बनणाऱ्या चामड्याच्या चपलेसाठी आहे. चामडं कमावणं, कापणं आणि हाताची शिलाई दीडशे रुपयांत बसत नाही.

‘एमआरपी ४९९, फक्त ९९’ आणि बिलाचा प्रश्न

बऱ्याच पाकिटांवर ३९९ किंवा ४९९ असा एमआरपी छापलेला असतो आणि विक्री ९९ ला. यात तीनशे-चारशे वाचले असं समजायचं कारण नाही. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत. बहुतेक वस्तूंची ती सरकार ठरवत नाही, उत्पादक किंवा आयातदार स्वतःच ठरवून छापतो. त्याहून जास्त घेता येत नाही, एवढंच कायदा सांगतो. पाकिटबंद मालावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, परिमाण आणि तक्रारीसाठी संपर्कही असावा लागतो. आयातदाराचं नावच नसेल, तर वस्तू बिघडल्यावर धरायचं कुणाला?

दुकानात ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी हमखास असते. सदोष मालाच्या बाबतीत तिचा धाक बाळगायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत न घेणं व पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. घरी गेल्यावर रंग आवडला नाही, याला मात्र हे लागू नाही.

अडतं ते बिलापाशी. दोनशे रुपयांच्या आतल्या खरेदीला ग्राहकाने मागितलं नाही तर जीएसटी बिल न देण्याची मुभा दुकानदाराला आहे, आणि ९९ ची खरेदी बरोबर या आकड्याखाली बसते. म्हणून बिल मागूनच घ्यावं लागतं. वाणाचे साठ नग घेताना तर नक्कीच, कारण तिथे रक्कम हजारांत जाते. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, पाकिटावर माहितीच नसेल किंवा सदोष माल परत घेत नसतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वजन, माप आणि पाकिटावरच्या मजकुराची तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.