एम. ए. कशात?

कुणी एम. ए. झालं म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "कशात?" मराठी, इतिहास, अर्थशास्त्र असं एका शब्दात उत्तर आलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. अमेरिकेत मात्र अशी एक एम. ए. आहे, जिचं उत्तर एका शब्दात देताच येत नाही. तिचं नाव लिबरल स्टडीज. थोडं तत्त्वज्ञान, थोडा इतिहास, थोडं साहित्य, जमलं तर विज्ञानही. ऐकणाऱ्याला वाटावं, ही काय भेळ आहे! मला या भेळीपेक्षा तिच्या गिऱ्हाइकांचं कुतूहल जास्त. हे शिकायला कोण जात होतं, आणि का?

सुरुवात झाली १९५३ साली, कनेटिकट राज्यातल्या मिडलटाउन गावी, वेस्लियन विद्यापीठात. आणि गंमत म्हणजे ती झाली शाळामास्तरांसाठी. काळ लक्षात घ्या. महायुद्ध संपून आठ वर्षं झालेली. १९४४च्या कायद्याचा फायदा घेऊन बावीस लाखांच्या आसपास माजी सैनिक कॉलेजात गेलेले. युद्धानंतर जन्मलेली पोरं शाळेच्या दारात उभी. शिक्षकांना मागणी होती, आणि तिकडे बऱ्याच ठिकाणी शिक्षकाचा पगार पदवीप्रमाणे वाढतो. त्यामुळे मास्टर्स करण्याकडे ओढा होताच. पण शिक्षणशास्त्राच्या मास्टर्समध्ये शिकवावं कसं ते कळतं. मुळात शिकवायचं काय, ती शिदोरी संपत आली असेल तर? म्हणून हे मास्तर उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा विद्यार्थी व्हायचे आणि शाळा उघडली की आपापल्या फळ्यासमोर हजर.

१९५७ साली रशियाचा स्पुटनिक उडाला. त्याच्या धक्क्याने १९५८ साली अमेरिकेने कायदा करून विज्ञान, गणित आणि परकीय भाषांच्या शिक्षणात पैसा ओतला. अशा वाऱ्यात ही बिनकामाची वाटणारी पदवी विझायला हवी होती. उलट ती पसरली. १९६२ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने नोकरदारांसाठी असाच अभ्यासक्रम काढला, कल्पनांचा इतिहास हे सूत्र धरून. १९६७ साली सँटा फे इथे सेंट जॉन्स कॉलेजने सुरुवात केली, तीही आधी शिक्षकांसाठीच. तिथे व्याख्यान नाही. प्लेटो नाहीतर युक्लिड समोर ठेवून टेबलाभोवती बसायचं आणि बोलायचं. १९७५ साली अशा अभ्यासक्रमांची संघटना झाली. १९९१ साली स्टॅनफर्डनेही संध्याकाळचे वर्ग सुरू केले. म्हणजे दिवसभर नोकरी करून आलेली माणसं रात्री होमरवर वाद घालणार!

यावर आपली म्हण तयारच आहे. एक ना धड, भाराभर चिंध्या. आक्षेप खोटा नाही. चार विषयांची तोंडओळख करून घेऊन कुणी पदवी पदरात पाडून घेत असेल, तर त्या चिंध्याच. म्हणूनच अनेक ठिकाणी शेवटी प्रबंध लिहावा लागतो. एक प्रश्न घ्यायचा आणि तो जिथे जिथे नेईल, त्या त्या विषयाचं दार ठोठवायचं. समजा, प्लेगवर लिहायचंय. नुसत्या वैद्यकावर भागत नाही. बंदरं, व्यापार, धर्म, सरकार, सगळं आलं.

आपल्या माणसाचं एक उदाहरण इथे आठवतं. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा ही पदवी जन्मायची होती. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. १९१५ साली एम. ए. झाले. पण समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हेही ते शिकत होते. भारतातल्या जातींवरचा त्यांचा निबंध वाचला गेला तो ९ मे १९१६ रोजी, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. जातीचा प्रश्न एका विभागाच्या खोलीत मावणारा नव्हताच.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. संध्याकाळ मोकळी असणं आणि फी परवडणं, हीसुद्धा एक मिळकतच आहे. रात्रपाळीच्या कामगाराला प्लेटो आवडला असता की नाही, हे त्याला कुणी विचारलंच नाही.

तरीही हे पहिले पदवीधर मला महत्त्वाचे वाटतात. त्यांना नोकरी शोधायची नव्हती, ती होतीच. जे शिकले ते त्यांनी थेट वर्गात नेलं. त्यातलं किती कुणाच्या डोक्यात रुजलं, याचा हिशेब कुठल्याच निकालपत्रकात मांडता येत नाही. "उपयोग काय?" या प्रश्नाचं उत्तर तीस मुलांमध्ये वाटलं गेलेलं असतं.

असो. असं काही शिकलेलं माणूस कधी भेटलं, तर "कशात?" असं विचारू नका. "कोणत्या प्रश्नावर लिहिलंत?" असं विचारून बघा. गप्पा रंगतील, याची खात्री मी देतो.