महापौर आणि ब्युर्गरमाइस्टर

नगरप्रमुखाला जर्मन भाषेत ‘ब्युर्गरमाइस्टर’ म्हणतात. ‘बुर्ग’ म्हणजे किल्ला. त्याच्या आश्रयाने राहणारा तो ‘ब्युर्गर’, म्हणजे नागरिक. ‘माइस्टर’ हा लॅटिन ‘मागिस्टर’पासून आला; तो आपल्या ‘महत्’चा सगोत्र. भगूरच्या सावरकरांनी रूढ केलेला ‘महापौर’ याच्याशी ताडून पाहा. ऋग्वेदातील ‘पुर्’ म्हणजेही तटबंदीचे ठिकाणच. पुरात राहणारा तो पौर. गडाच्या आश्रयाने गाव कसे वसते, हे मुल्हेर पाहिलेल्या बागलाणकरांना सांगायला नको. भेद आहे तो समासात. जर्मन शब्द तत्पुरुष : नागरिकांचा प्रमुख. आपला कर्मधारय : थोर नागरिक. तो पौरांवरचा धनी नव्हे, पौरांतलाच एक. सटाण्याला महापौर नाही, नगराध्यक्ष आहे. पण निवडणाऱ्याने आणि निवडून येणाऱ्याने हा समास ध्यानी ठेवावा.