तेलाचें एंजिन आणि आमची विहीर



नाशिकहून निफाडकडे जा कीं दिंडोरीकडे जा, द्राक्षांचे मळे, कांद्याचे वाफे आणि मधून मधून विहिरी दृष्टीस पडतात. या विहिरींवर आज बहुतेक ठिकाणीं विजेचे पंप आहेत. परंतु विजेच्या तारा शेतापर्यंत येण्यापूर्वीं या मुलखांतील पाणी वर काढण्याचें काम ज्या यंत्रानें बैलांच्या खांद्यावरून आपल्याकडे घेतलें, तें म्हणजे तेलाचें एंजिन. त्याच कुळांतलें, पण निराळ्या स्वभावाचें दुसरें एंजिन आपल्या मोटारींत व फटफटींत असतें. एक डिझेलवर चालतें, दुसरें पेट्रोलवर. या दोन भावंडांत भेद तो काय, आणि त्या भेदामुळें एक रस्त्यावर व दुसरें विहिरीवर कसें गेलें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

या दोघांच्या आधीं वाफेचें एंजिन होतें. त्यांत आग एकीकडे आणि काम दुसरीकडे. भट्टींत कोळसा जळतो, त्यानें बॉयलरमधील पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ नळीवाटे जाऊन नळकांड्यांतील दट्ट्याला ढकलते. या लांबच्या प्रवासांत उष्णतेचा बहुतेक भाग वायां जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांगल्या वाफेच्या एंजिनालाही कोळशांतील उष्णतेचा सुमारें दहावा हिस्साच कामीं लावतां येई. शिवाय भट्टी, बॉयलर, धुराडें एवढा संसार थाटावयाचा तर गिरणीमालकच हवा. कोष्टी, लोहार, शेतकरी यांच्या आटोक्यांतली ती वस्तु नव्हती. तेव्हां विचार करणाऱ्यांच्या मनांत असें आलें कीं, आग बाहेर न पेटवितां थेट नळकांड्यांतच पेटविली तर? या युक्तीलाच अंतर्ज्वलन म्हणतात.

इ. स. १८६० मध्यें पॅरिस येथें लन्वार यानें दिव्याच्या गॅसवर चालणारें असें एंजिन करून दाखविलें. तें चाले खरें. पण गॅस फार खाई आणि काम थोडें करी. कारण गॅस व हवा यांचें मिश्रण तो न दाबतांच पेटवीत असे. १८६२ सालीं बो द रोशा या फ्रेंच गृहस्थानें कागदावर लिहून ठेविलें कीं, मिश्रण आधीं दाबावें आणि मग पेटवावें. कागदावरची ही गोष्ट लोखंडांत उतरविली ती जर्मनींतील निकोलाउस ओटो यानें, १८७६ सालीं. ओटो कांहीं विद्यापीठांतला पंडित नव्हे. तो एक फिरता व्यापारी होता. पण आज जगांतील बहुतेक मोटारींचीं एंजिनें त्यानेंच घालून दिलेल्या चार पावलांनीं चालतात.

तीं चार पावलें अशीं. दट्ट्या खालीं जातो व हवा आंत ओढतो, हें पहिलें. तो वर येतो व हवा दाबतो, हें दुसरें. आंत आग होते, वायु फुगतो व दट्ट्याला जोरानें खालीं लोटतो, हें तिसरें. दट्ट्या पुन्हां वर येतो व धूर बाहेर घालवितो, हें चवथें. घेणें, दाबणें, जाळणें, टाकणें, एवढाच हा मंत्र आहे. लक्षांत ठेवण्याजोगें हें कीं, चार पावलांपैकीं मिळकत एकाच पावलांत आहे. बाकीचीं तीन खर्चाचीं. तो खर्च कोण भागवितो? तर एंजिनाच्या बाजूला असलेलें जड चाक. मिळकतीच्या पावलांत तें वेग सांठवून ठेवतें आणि पुढील तीन पावलें त्या शिलकेवर निभावून नेतें. काटकसरी गृहिणी पगाराच्या दिवशीं महिन्याची तजवीज करते, तसाच हा प्रकार.

ओटोचें एंजिन गॅसच्या नळाला बांधलेलें होतें. त्याला मोकळें केलें पेट्रोलनें. पेट्रोल हें असें पातळ व चंचल तेल आहे कीं, उघड्यावर ठेविलें तर आपोआप उडून जातें. १८८५ सालीं डाइमलर व मायबाख यांनीं पेट्रोलचें हलकें व वेगवान एंजिन तयार केलें, आणि २९ जानेवारी १८८६ रोजीं कार्ल बेंझ यानें आपल्या तीनचाकी मोटारगाडीसाठीं पेटंटचा अर्ज केला. या एंजिनांत पेट्रोलची वाफ व हवा आधींच एकत्र करून आंत घेतात, दाबतात, आणि नेमक्या क्षणीं विजेची ठिणगी पाडून तें मिश्रण पेटवितात. पेट्रोलच्या जागीं दुसरा जळता वायु दिला तरी तें कुरकुर करीत कां होईना चालतें. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें तेव्हां आपल्याकडे मोटारींच्या मागें कोळशाची भट्टी बसवून तिच्या गॅसवर गाड्या चालविल्या जात, तें याच बळावर.

परंतु या पद्धतींत एक मर्यादा आहे. हवा जितकी अधिक दाबावी तितकें एंजिन तेलाचा उपयोग अधिक चांगला करतें. पण दाबली कीं हवा तापते. पेट्रोलच्या एंजिनांत हवेबरोबर तेलाची वाफही दाबली जात असल्यामुळें दाब फार वाढविला तर ठिणगीची वाट न पाहतां मिश्रण भलत्या वेळीं पेट घेतें व एंजिन ठोके देऊं लागतें. म्हणून तेथें हवा साधारण आठ ते बारा पटच दाबतात.

याच मर्यादेपाशीं रुडॉल्फ डिझेल उभा राहिला. त्याचा जन्म १८५८ सालीं पॅरिसमध्यें, जर्मन मातापित्यांच्या पोटीं झाला. शिक्षण म्युनिक येथें, थंडी उत्पन्न करणाऱ्या यंत्रांचा आचार्य कार्ल फॉन लिंडे याच्या हाताखालीं. त्याचा विचार सरळ होता. दाबल्यानें हवा तापते हा जर दोष वाटतो, तर त्याचाच गुण कां करूं नये? सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें बूड हाताला ऊन लागतें, हा अनुभव घरोघर आहे. शाळेंत हा धडा शिकवितांना मी पंपच वर्गांत नेत असें. एकदां बोटाला चटका बसला कीं मुलांना पुढचें समजाविणें फारसें लागत नसे. डिझेलनें ठरविलें कीं आंत नुसती हवाच घ्यावयाची. तेलच नाहीं, मग भलत्या वेळीं पेटण्याचें भय कसलें? ती पंधरा ते वीस पट दाबली कीं पांचशें अंशांहून अधिक तापते. त्या धगींत शेवटच्या क्षणीं तेलाचे बारीक तुषार सोडले कीं तें आपोआप पेट घेतें. ठिणगी नको, विजेचा खटाटोप नको. दोन्ही भावंडांतला खरा भेद तेलाचा नसून, आग कोणीं लावावी याचा आहे. पेट्रोलला ठिणगी पेटविते, डिझेलला हवा पेटविते.

१८९३ सालीं आउग्सबुर्ग येथील कारखान्यांत पहिली चांचणी झाली. चार वर्षें अपयश, दुरुस्ती, पुन्हां अपयश असें चालल्यावर १८९७ सालीं वीस अश्वशक्तीचें एंजिन परीक्षेला उतरलें. त्यानें तेलांतील उष्णतेचा शेंकडा २६ भाग कामीं लावला. म्हणजे वाफेच्या एंजिनाच्या दुपटीहून अधिक. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत असें एक एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यांत आलें.

डिझेलच्या मनांत केवळ शास्त्र नव्हतें. मोठ्या वाफेच्या यंत्रांनीं लहान कारागिराचा धंदा बुडविला, तेव्हां लहान माणसाला परवडणारें लहान यंत्र मिळालें तर तो आपल्या घरीं, आपल्या गांवीं स्वतंत्र राहील, अशी त्याची इच्छा होती. समाजरचनेवर त्यानें १९०३ सालीं पुस्तकही लिहिलें. पण घडलें उलटें. त्या वेळीं तेलाचे तुषार आंत उडविण्यास दाबलेली हवा लागे व ती पुरविण्यास एक वेगळें जड यंत्र जोडावें लागे. त्यामुळें डिझेल एंजिन अवजड व महागच राहिलें. तें गेलें वीजघरांत, आगबोटींत आणि पाणबुड्यांत. कारागिरासाठीं योजिलेलें यंत्र युद्धखात्यानें उचललें. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं इंग्लंडकडे जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून डिझेल नाहींसा झाला. पुढें त्याचें प्रेत समुद्रांत सांपडलें. महायुद्ध अवघ्या दहा महिन्यांवर आलें होतें. त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनीं, १९२७ सालीं, रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यानें तेल स्वतःच जोरानें उडविणारा लहानसा पंप बाजारांत आणला, आणि मग कोठें लहान डिझेल एंजिनाचा मार्ग मोकळा झाला.

आतां आपण विहिरीकडे वळूं. महाराष्ट्रांत शेंकडों वर्षें पाणी काढलें तें मोटेनें. चामड्याची मोट, जाड नाडा, बारीक सोंदूर, बैलांची उतरती धांव, पाणी पडावयाचें थारोळें, हें वर्णन आमच्या पिढीला सांगावें लागत नाहीं. एका बैलाची सलग कामाची शक्ति साधारण अर्धी अश्वशक्ति धरतात. म्हणजे पांच अश्वशक्तीचें एंजिन दहा बैलांच्या बरोबरीचें. तें तासाला सुमारें एक लिटर तेल पितें आणि थकत नाहीं. पाणी दहा मीटर खोल असलें व पंपांत निम्मी शक्ति वायां गेली असें धरलें, तरी हिशेबानें तासाला साठ हजार लिटरांहून अधिक पाणी वर येतें.

हीं एंजिनें प्रथम इंग्लंडांतून येत. त्यांत एक जात अशी होती कीं, डोक्याकडील पोकळ लोखंडी गोळा दिव्यानें लाल तापविल्यावांचून तीं सुरूच होत नसत. ॲक्रॉइड स्टुअर्ट याची ती युक्ति, १८९० सालची. स्वदेशीचा उद्योग पुढें आपल्याच महाराष्ट्रानें केला. सातारा येथें धनजीशा कूपर यांनीं १९२२ सालीं काढलेल्या कारखान्यांत डिझेल एंजिनें तयार झालीं. हिंदुस्थानांत बनलेल्या पहिल्या एंजिनांत त्यांची गणना होते. हेच कूपर १९३७ सालीं मुंबई इलाख्याचे पहिले मुख्य प्रधान झाले. दुसरें घराणें किर्लोस्करांचें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगर केले. त्यांचे पुत्र शंतनुराव यांनीं १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें ऑइल एंजिनांचा कारखाना उभारला. त्या कारखान्यांतून निघालेलीं लहान एंजिनें खेडोपाडीं पसरलीं. जर्मनींत जें लहान माणसाच्या हातीं पडलें नाहीं, तें येथें एका शेतकऱ्याच्या मालकीचें झालें. डिझेलची इच्छा फळली ती अशी परमुलखांत. पुढें आमच्या जिल्ह्यांतही या विद्येनें घर केलें. इगतपुरीस महिंद्र कंपनीचा एंजिनांचा कारखाना आहे.

परंतु इतिहास सांगणारानें येथेंच थांबणें बरोबर नाहीं. पहिली गोष्ट धुराची. पंप कांहीं फार खोलून पाणी ओढूं शकत नाहीं; व्यवहारांत सहा-सात मीटर ही त्याची शीव. म्हणून पाणी खोल गेलें कीं शेतकरी एंजिनासकट पंप विहिरींतील कट्ट्यावर उतरवूं लागले, आणि तो धूर खालींच कोंडून माणसें दगावल्याचे प्रकार घडले. दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्या काळ्या कातळांत पाणी सांठतें तें भेगांत व मुरुमांत, तेंही बेतानें. मोट होती तोंवर बैल संध्याकाळीं थकत, आणि रात्रभर विहिरीचे झरे तिला पुन्हां भरून काढीत. बैलांचा थकवा हाच विहिरीचा राखणदार होता. एंजिन आलें, त्याच्यामागून वीज आली, आणि तो राखणदार गेला. त्याच्या जागीं कायदा आणावा लागला. १९९३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें गांवाच्या पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून पांचशें मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर खोदण्यास बंदी केली. पण कायदा बैलाइतका नियमानें रोज संध्याकाळीं थांबवावयास येत नाहीं.

यांत यंत्राला दोष देण्यासारखें कांहीं नाहीं. दहा बैलांचें बळ ज्याला मिळालें, त्यानें त्या बळावर द्राक्षें पिकविलीं, मुलें शिकविलीं, कर्ज फेडलें. हें पुण्य त्या टकटक करणाऱ्या लोखंडाच्या पदरीं आहेच. एवढेंच ध्यानांत धरावें कीं, एंजिनाला वेग देणारें जड चाक त्याच्या अंगींच असतें, पण त्याला थांबविणारी बुद्धि त्याच्या अंगीं नसते. ती मालकाला आपल्या पदरची घालावी लागते.